ही कळ मनाची की मानेची?



सोलापूरच्या पूर्व भागातील गल्ल्यांतून दुपारी फिरलात, तर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रिया तुम्हांला घरोघरी दिसतील. तेंदूचे पान कापायचे, त्यात तंबाखू भरून ते वळायचे, टोके दुमडायची आणि दोऱ्याने बांधायचे. मजुरी मात्र हजार विड्यांच्या हिशेबाने. तुमच्यापैकी काहींची आई किंवा आजी हेच काम करीत असेल, आणि "मान फार दुखते रे," असे रोज म्हणतही असेल. हे दुखणे कोठून येते?

पाण्याने भरलेला तांब्या प्रथम छातीजवळ धरा, मग हात लांब करून धरा. वजन तेच, पण हात लवकर भरून येतो. हा तरफेचा नियम. माणसाचे डोके सुमारे ४ ते ५ किलोग्रॅम वजनाचे असते. मान पुढे झुकली, की डोक्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून दूर जातो व मानेमागच्या स्नायूंना जास्त जोराने ओढून धरावे लागते. तासन् तास आखडलेल्या स्नायूंना रक्त पुरेसे मिळत नाही आणि ते दुखू लागतात.

पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. सारख्याच बैठकीत काम करणाऱ्या दोघींपैकी एकीला वेदना अधिक का होतात? १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी अशी कल्पना मांडली, की मज्जारज्जूत जणू एक दार असते. वेदनेचे संदेश किती आत सोडायचे, हे ठरविण्यात मेंदूचाही हात असतो. तपशील पुढे बदलले, मूळ विचार टिकला. आज हजार भरतील का, खराब म्हणून काढलेल्या विड्यांची मजुरी बुडेल का, या धास्तीने स्नायू सैल पडत नाहीत, झोप मोडते आणि वेदना अधिक तीव्र होते. महिनोन् महिने असे चालले, तर मज्जासंस्थाच हळवी होऊ शकते. मग हात मंदावतो, मजुरी घटते आणि धास्ती आणखी वाढते.

अमेरिकेत बोइंग विमान कारखान्यातील तीन हजारांवर कामगारांची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. कामात क्वचितच आनंद वाटणाऱ्यांत पाठ दुखावल्याच्या तक्रारी अडीच पट आढळल्या.

यावरून कोणी म्हणेल, "म्हणजे सारे मनाचेच खेळ!" हे साफ चूक आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तुमचे डोके दुखते, ते काय खोटे असते? चिंतेने वाढलेली कळही खऱ्या मज्जातंतूंतूनच जाते.

म्हणून माझे मत असे, की नुसता बाम चोळून किंवा "काळजी करू नका" असे सांगून हा प्रश्न सुटणार नाही. पाठीला टेकू, भरपूर उजेड आणि अधूनमधून उठणे हवेच. पण घटकाभर उठल्याने चूल अडणार नाही, असा मजुरीचा दरही हवा. कोणती विडी खराब ठरेल, याचा नियम आधी स्पष्ट असावा. ही जबाबदारी काम देणाऱ्यांची व कायदा राबविणाऱ्यांची आहे.

तुमच्या हाती एक गोष्ट आहे. आज आई "मान दुखते" म्हणाली, तर "तुझे रोजचेच आहे" असे म्हणू नका. सूप बाजूला ठेवून तिला चार पावले चालायला लावा, आणि तेवढ्या वेळात पाणी तुम्ही भरा.