गाडीची नाडी

शिक्षकी पेशात चौतीस वर्षे काढली. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. त्यामुळे मी मोटारीच्या इंजिनावर लिहायला बसलो हे पाहून काही जण हसतील. हसू द्या. हा विषय इंजिनाचा जितका आहे तितकाच वाचता येण्याचाही आहे, आणि वाचायला शिकवणे हाच माझा जन्मभराचा उद्योग होता.

आमचे विवळवेढे महामार्गावरचे. महालक्ष्मीच्या दर्शनाला आलेल्यांना गाव ठाऊक असते. चैत्र पौर्णिमेला जत्रा सुरू झाली की मुंबईपासून गुजरातपर्यंतच्या गाड्या इथे लागतात. एरवी रस्त्याला ट्रकांची रांग आणि रस्त्याच्या कडेला टायरवाले, वेल्डिंगवाले, गॅरेजवाले. आत पाड्यांकडे वळलात तर तिथे दुसऱ्याच गाड्या दिसतील. शहरात दहा-बारा वर्षे पळून विकल्या गेलेल्या ओम्नी, जुन्या सुमो, कुठे एखादी मारुती ८००. यांच्यावर आमचा भाग चालतो. भाजी त्यांतून जाते, वऱ्हाड त्यांतून जाते, आणि रात्री बाळंतीण अडली तर तीही त्यांतूनच कासा किंवा डहाणू गाठते. तिथे भागले नाही तर सिल्वासा, नाहीतर वलसाड. अशी गाडी बंद पडणे म्हणजे एका माणसाची गैरसोय एवढाच अर्थ आमच्याकडे होत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. पूर्वीच्या गाडीत कार्बोरेटर असे. मेकॅनिक कान लावून ऐके, स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि गाडी मार्गी लागे. पुढे प्रदूषणाचे नियम आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिल्ली परिसरासाठी युरो मानके लागू करण्याचा आदेश दिला, आणि २००० सालापासून देशभर नव्या गाड्यांना धुराची मर्यादा अधिक कडक झाली. तेव्हापासून छोट्या गाड्यांतूनही कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली. पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी कधी टाकायची, हे ठरवायला इंजिनाशेजारी एक छोटा संगणक बसला. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. हवा किती आत आली, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, अशा खबरा त्याला सेन्सर नावाचे हेर पुरवतात. एखादी खबर विचित्र वाटली की तो तिचा आकडा आपल्या वहीत टिपून ठेवतो आणि चालकासमोर पिवळा दिवा लावतो.

ती वही वाचायची कशी, हा खरा प्रश्न. अमेरिकेत १९९६ सालापासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना एकाच पद्धतीची जोडणी, सोळा पिनांची, आणि बऱ्याच अंशी एकच सांकेतिक लिपी सक्तीची झाली. आपल्याकडे ही सक्ती टप्प्याटप्प्याने आली : भारत स्टेज चारच्या गाड्यांना २०१० पासून पहिली पायरी, २०१३ पासून दुसरी. म्हणजे २००० ते २०१० या दशकातल्या गाड्या मधल्या मध्ये अडकल्या. त्यांच्यात संगणक आहे, पण सर्वांना बांधणारा नियम नव्हता. कुणाची जोडणी वेगळी, कुणाची भाषा वेगळी. काहींत दोन तारा जोडून दिव्याची उघडझाप मोजायची आणि त्यावरून आकडा ओळखायचा. आज बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर यांतल्या कितीतरी गाड्यांपुढे मुके होतात. नेमक्या याच गाड्या आमच्या पाड्यांवर आहेत!

इथे लॅपटॉप कामाला येतो. माझा एक जुना विद्यार्थी महामार्गालगत गॅरेज चालवतो. त्याच्याकडे एक कळकट, जुना लॅपटॉप आहे. "सर, नवा घेऊन उपयोग नाही," तो मला म्हणाला, "जुन्या गाडीचं सॉफ्टवेअर जुन्या मशीनवरच नीट चालतं." त्या त्या गाडीची केबल लावली की इंजिन चालू असताना सगळ्या सेन्सरांचे आकडे पडद्यावर हलताना दिसतात. नुसता कोड वाचणे आणि हे हलते आकडे पाहणे यांत फार फरक आहे. तो कसा, ते एका उदाहरणाने सांगतो.

प्रवासी वाहणारी एक ओम्नी त्याच्याकडे आली. काळा धूर सोडत होती आणि पेट्रोल पीत होती. चालकाला आधी दुसरीकडे सांगितले होते की ईसीएम गेला, बदला. खर्च गाडीच्या त्या वेळच्या किमतीच्या निम्मा. पिवळा दिवा लागलेला नव्हता, वहीत कोडही नव्हता. लॅपटॉप लावला तर गाडी सांगत होती, पाण्याचे तापमान बारा अंश. महिना मे, इंजिन तापलेले, बॉनेटवर हात ठेवता येईना, आणि गाडी समजत होती की आपण हिमालयात आहोत! थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागते, म्हणून ती बिचारी इमानाने जास्त पेट्रोल सोडत होती. तापमानाच्या सेन्सरच्या कनेक्टरला पावसाळ्यातल्या पाण्याने गंज धरला होता. तार पूर्ण तुटली असती तर आकडा थेट उणे चाळीसच्या आसपास गेला असता, संगणकाला संशय आला असता, दिवा लागला असता. अर्धवट गंजामुळे आकडा खोटा पण पटण्याजोगा राहिला. कनेक्टर साफ केला, एक टोक नवे घातले, काम झाले. ईसीएम शाबूत होता. त्याला कानावर चुकीची खबर आली होती, इतकेच.

यातून मला दोन गोष्टी पटल्या.

पहिली अशी, की वाचणे म्हणजे निदान नव्हे. आपल्याकडे आता एक नवी अंधश्रद्धा आली आहे : यंत्र लावले, कोड निघाला, त्या कोडवरचा भाग बदलला, बिल फाडले. पी ०१७१ नावाचा एक कोड आहे. त्याचा अर्थ इतकाच की इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आहे. कारण फाटलेली रबरी नळी असेल, थकलेला पेट्रोल पंप असेल, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ असेल. कोड पाहून थेट प्राणवायूचा सेन्सर बदलणारे महाभाग आहेत. खबर आणणाऱ्याला फाशी देण्यातला हा प्रकार. वर्गात एखादे मूल रोज शुद्धलेखन चुकते. लाल शाईची खूण चूक कुठे आहे ते दाखवते, का आहे ते दाखवत नाही. आमच्या वर्गांत वारली बोलणारी मुले असत. त्यांच्या वहीतल्या कितीतरी 'चुका' म्हणजे घरच्या भाषेचे वळण होते. ते ओळखणारा गुरुजी आणि नुसते गुण कापणारा गुरुजी, यांत जो फरक, तोच चांगल्या आणि वाईट मेकॅनिकमध्ये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही वही वाचण्याचा हक्क कुणाचा? गाडी मी घेतली, पैसे मी मोजले, मग तिच्या पोटातली तक्रार वाचायला कंपनीची परवानगी का लागावी?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. ती मिळतील अशी व्यवस्था करा आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नका, असे आयोगाने बजावले. पुढे अपिले झाली, तो कोर्टकचेरीचा भाग. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. त्यात मोबाइल, घरातली यंत्रे आणि शेतीची अवजारे यांच्याबरोबर मोटारीही आहेत. तत्त्व मान्य झाले आहे. आमच्या रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत ते पोचायचे आहे.

गाडीला आठवण असते हे आमच्या भागाला एका दुःखद घटनेने कळले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. टक्कर होण्याआधी पाच सेकंद ब्रेक दाबला गेला होता, ही माहिती त्या गाडीतल्या नोंदी वाचून कंपनीने पोलिसांना दिली. गाडी बोलते, पण ती कुणाशी बोलेल हे तिची कंपनी ठरवते. अपघाताच्या तपासात ते एक वेळ समजण्यासारखे आहे. पेट्रोल जास्त का जाते एवढे विचारायलाही तोच दरवाजा ठोठवावा लागला तर ते समजण्यासारखे नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. सगळेच उघडे केले तर चोराला चावीची यंत्रणा चकवता येईल, असे त्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. लॅपटॉपने किलोमीटरचा आकडा मागे नेणारे आणि विकण्याआधी वहीतले कोड पुसून दिवा विझवणारे लोकही आहेत. पण चावीची यंत्रणा वेगळ्या कुलपात ठेवून बिघाडाची वही उघडी ठेवता येते. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानेच धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांना देणे कंपन्यांना भाग पडले. म्हणून तिथे मोटारींचा धंदा काही बुडाला नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या गाड्या जगवायच्या कशाला? धूर करतात, भंगारात घाला. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करून घ्यायचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजार झाले, त्यामागेही हाच विचार. धूर मलाही नको आहे. पण जरा उलटे पाहा. हा संगणक गाडीत आला तोच धूर आटोक्यात ठेवायला. त्याची तक्रार कुणी वाचत नाही म्हणून गाडी धूर सोडते, आणि धूर सोडते म्हणून तिला भंगारात घाला म्हणायचे, हा न्याय कुठला? ती ओम्नी एका कनेक्टरने सुधारली. नवी गाडी घ्यायची ऐपत त्या चालकाची नव्हती. गाडी भंगारात गेली असती तर पाड्यावरच्या लोकांना पायपीट उरली असती. सडलेली गाडी जरूर मोडा. पण ती सडली आहे की नुसती तिची तार गंजली आहे, हे आधी बघा.

भाषेचा मुद्दा मी सोडणार नाही. आमच्या मुलाच्या घरी वारली, शाळेत मराठी, तलासरीच्या पुढे बाजारात गुजराती. आणि आता इंजिन त्याच्याशी इंग्रजीत बोलते. तीन भाषा पोटापुरत्या शिकलेल्या मुलाला चौथी कठीण नसते. पण ती त्याच्यासमोर उलगडून ठेवायला कुणी नको का? नेहमी लागणारे शंभरेक कोड, त्यांचा अर्थ, त्यामागची संभाव्य कारणे आणि तपासायचा क्रम, असे एक पातळ मराठी पुस्तक प्रत्येक आयटीआयच्या मोटार विभागात असावे. कोडपुढे बदलायच्या भागाचे नाव छापू नये, तपासायच्या गोष्टींची यादी छापावी. चार-पाच गॅरेजवाल्यांनी मिळून एक जुना लॅपटॉप आणि चार केबली ठेवल्या तरी भागेल.

आणि गाडीवाल्यांनो, तुमच्याही हाती काही आहे. कुणी म्हणाले 'ईसीएम गेला', तर आधी कोड कागदावर लिहून मागा. सेन्सरचा आकडा काय येतो आणि काय यायला हवा, ते विचारा. तारा, अर्थिंग आणि कनेक्टर तपासले का, ते विचारा. काम झाल्यावर दिवा नुसता पुसला की बिघाड काढला, तेही विचारा. रागावणारा मेकॅनिक सोडा, सांगणारा धरा. सांगणाऱ्याला त्याच्या तपासणीचे पैसे मात्र वेगळे द्या. नुसते पाहायचे कसले पैसे, असे आपण म्हणत राहिलो तर तोही उद्या भाग बदलूनच पोट भरील.

माझा तो विद्यार्थी शाळेत जेमतेम पास व्हायचा. आज तो गाडीचा आकडा वाचतो, त्यावर विश्वास ठेवण्याआधी बॉनेटवर हात ठेवून बघतो आणि मग दोन्ही जुळत नाहीत म्हणून कनेक्टर उघडतो. शिक्षण म्हणजे याहून वेगळे काय असते, मला सांगता येणार नाही. अशी मुले आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढची वही तेवढी उघडी ठेवा.