मूल हवे की नको, ठरवणार कोण?

दक्षिण आफ्रिकेचे तत्त्वज्ञ डेव्हिड बेनाटार २००६ च्या ग्रंथात म्हणतात, जन्म देणे म्हणजे दुःख लादणे. म्हणून मूलच नको. आम्हाला हे मान्य नाही. हिंगोली जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आईचे लेकरू फडात वाढते, ते दुःख जन्माने नव्हे, व्यवस्थेने दिले. तथागतांनी दुःखाबरोबर त्याचा निरोधही सांगितला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांचे संततिनियमनावरील भाषण रोहम यांनी वाचले. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर, हा त्यातला सवाल होता. ठराव ११ विरुद्ध ५२ मतांनी पडला. आज साधने आहेत. पण निर्णय अजून नवरा-सासूचाच. बांधवांनो, जयंतीच्या मिरवणुकीआधी घरातल्या बाईला विचारा: तुला काय हवे?