बागेत या, पण पाहुण्यासारखे

जानेवारी उजाडला की मुंबई-पुण्याच्या गाड्या आमच्या गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागतात. २००० साली इथल्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली, तेव्हा इकडे कुणी फिरकत नव्हतं. आता या, जरूर या. फक्त घरच्यांना घेऊन येणार असाल, तर एका नाशिककराच्या चार गोष्टी ऐकून निघा.

आजी-आजोबांना ‘तिथे तुमचं काय काम’ म्हणून मागे ठेवू नका. वाइन पेल्यात येण्याआधी ती शेती असते, आणि शेती सगळ्यांना कळते. माझी मावशी नाक मुरडतच आली होती. माहिती सांगणाऱ्या मुलीने तिच्या तळहातावर चार मणी ठेवले. मटारच्या दाण्याएवढे, जाड सालीचे, आत बी. खायच्या द्राक्षांचे घड विरळ करतात, मणी फुगावेत म्हणून संजीवकात बुडवतात. वाइनची द्राक्षं लहानच ठेवतात, कारण रंग आणि बराचसा स्वाद सालीत असतो. मावशीने बी थुंकलं आणि थेट विचारलं, “छाटणी कधी करता गं?” पुढचा अर्धा तास आम्ही तिच्या मागे फिरत होतो.

दुसरी गोष्ट कळकळीची. रस्त्याकडेची बाग दिसली की गाडी थांबवून आत शिरू नका. मण्यावर पांढुरका थर असतो. बोट लागलं की तो पुसला जातो आणि घडाचा भाव पडतो. शिवाय फवारणी कालच झालेली असू शकते. मुलांच्या हाती घड देऊन फोटो काढायचा मोह आवरा, किंवा आधी बागायतदाराला विचारा.

तिसरी, गाडी कोण चालवणार ते घरातून निघतानाच ठरवा. त्याने घोटही घ्यायचा नाही. चव बघायला म्हणून थोडी थोडी करत पाच-सहा पेले होतात. पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तरी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २१ वर्षांखालच्या मुलांना ‘एक घोट घे रे’ असा आग्रह गमतीतही नको.

चौथी, एक मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी पहाटे निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वर गाठा. २०२० साली जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पाणपक्षी बघायला दुर्बीण घ्या आणि स्वेटर विसरू नका, निफाडची थंडी पुणेकरांनाही हुडहुडी भरवते. परतताना गरम मिसळ आहेच.

जाताना मावशीने रस्त्यावरच्या शेतकऱ्याकडून द्राक्षांची पेटी घेतली. एरवी मेथीच्या जुडीसाठी पाच मिनिटं घासाघीस करणारी बाई, पण भाव केला नाही. पैसे मोजताना एवढंच विचारलं, “औंदा गारपीट नाही ना झाली, दादा?”