परीक्षा घेत नाही, आणि नापास म्हणता!

निवडणूक जवळ आली की आपल्या मोहल्ल्यातल्या कार्यकर्त्याला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "तुमचं काम चांगलंय हो, पण इलेक्टिव्ह मेरिट नाही." नगरपालिका असो, जिल्हा परिषद असो की विधानसभा, वाक्य तेच. साध्या मराठीत त्याचा अर्थ, तू निवडून येणार नाहीस. ज्याला हे सांगितलं जातं तो खाली मान घालून घरी येतो आणि चार दिवसांनी, ज्याला तिकीट मिळालं त्याची पत्रकं वाटायला लागतो.

माझा प्रश्न एवढाच आहे, की हे मेरिट तपासलं कुणी? कधी? कुणासमोर? मी शिक्षक माणूस. ज्या पोराला परीक्षेला बसूच दिलं नाही त्याला नापास ठरवण्याचा अधिकार मुख्याध्यापकालाही नसतो. पण आपल्या राजकीय पक्षांनी तो स्वतःकडे घेतला आहे, आणि आपण तो मान्य करून बसलो आहोत.

"असं कसं? इच्छुकांच्या मुलाखती होतात की!" असं कुणी म्हणेल. होतात. इच्छुक पक्षनिधीचे पैसे भरून अर्ज करतो, गाड्या भरून माणसं नेतो, विश्रामगृहाच्या आवारात घोषणा देतो. मग आत बोलावणं येतं. समोर पाच-सात नेते. प्रश्न ठरलेले : तुमच्या समाजाची मतं किती, खर्च किती करू शकाल, तिकीट नाही मिळालं तर बंड करणार का? रस्ता, पाणी, शाळा यांवर तुमचं म्हणणं काय, हे विचारलंच तर शेवटी, उठता उठता. बाहेर उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला आत काय झालं ते कळत नाही. यादी कधी मुंबईहून येते, कधी दिल्लीहून. पुष्कळदा यादीही येत नाही, थेट एबी फॉर्म येतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला की खेळ खलास. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाचं भवितव्य त्या एका कागदावर, आणि तो कागद कुणाच्या खिशात आहे हेही त्याला ठाऊक नसतं.

निवडणुकीच्या कामाला आम्ही शिक्षक असतोच. मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान घ्यावं लागतं. मग ती मतं पुसायची, यंत्राला सील करायचं, सीलवर प्रतिनिधींच्या सह्या घ्यायच्या. एका मताची गफलत होऊ नये म्हणून एवढी काळजी. ती हवीच. पण त्या यंत्रावर कुणाची नावं असावीत हे जिथं ठरतं, तिथं ना सील, ना प्रतिनिधी, ना सही. मतदाराच्या हातात बटण येण्याआधीच अर्धी निवडणूक उरकलेली असते. पक्षांची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली होते, पण उमेदवार लोकशाही पद्धतीने निवडा अशी सक्ती त्यात नाही. पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करा, असं विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात १९९९ मध्येच सांगितलं होतं. तो अहवाल धूळ खात पडला.

आपल्याकडे हे दार एकदाच किलकिलं झालं होतं. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानातून उमेदवार निवडायचं ठरवलं. महाराष्ट्रातून वर्धा आणि लातूर त्यात होते. कल्पना उत्तम. पण वर्ध्यात निवड कुणाकुणांत झाली? एकीकडे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे, दुसरीकडे ज्येष्ठ नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस. एका वाड्याच्या दारातून निघून दुसऱ्या वाड्याच्या दारात जायचं, एवढंच स्वातंत्र्य! मत देणारे सामान्य सदस्य नव्हते, पदाधिकारी आणि निवडून आलेले प्रतिनिधी होते, म्हणजे ज्यांची पदं या ना त्या घराच्या कृपेनं आलेली तेच बहुतेक. सागर मेघे जिंकले, लोकसभेला पडले, आणि त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, तेही लोकसभेला पडले. झालं! "बघा, असले प्रयोग आपल्याकडे चालत नाहीत," म्हणून दार पुन्हा बंद.

हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्या वर्षी काँग्रेसचे महाराष्ट्रातून दोनच खासदार निवडून आले, नांदेडमधून अशोक चव्हाण आणि हिंगोलीतून राजीव सातव. वरून लादलेले उमेदवारही तसेच पडले. मग वरून लादण्याची पद्धत अपयशी ठरली असं कुणी का म्हणालं नाही? अपयशाचं खापर फक्त कार्यकर्त्याच्या मताधिकारावर फोडायचं आणि साहेबांच्या मर्जीला हात लावायचा नाही, ही कुठली तपासणी?

आता अमेरिकेकडे बघू. तिथं पक्षाची उमेदवारी मागणाऱ्यांना एकाच व्यासपीठावर उभं करून जाहीर वाद घडवतात, मग मतदान होतं. तिथं बाहेरच्याला न्याय मिळतो का? सरसकट नाही. २०१५ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या पहिल्या वादात पाहण्यांतल्या क्रमांकानुसार वरच्या दहा जणांना मुख्य मंच मिळाला, उरलेल्यांना आधीचा, कमी प्रेक्षकांचा वेळ. म्हणजे जो आधीच माहीत आहे त्यालाच आणखी माहीत करून द्यायचं. त्याच हंगामात डेमोक्रॅटिक पक्षाने सुरुवातीला फक्त सहा वाद ठेवले आणि त्यांतले काही शनिवारी रात्री. नामवंत हिलरी क्लिंटन यांना ते सोयीचं होतं, अपक्ष सिनेटर म्हणून आलेल्या बर्नी सँडर्स यांना नव्हतं. २०२० मध्ये तर कहर झाला. आधी नियम असा की अमुक इतक्या लोकांनी देणगी दिलेली असेल त्यालाच मंचावर जागा. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग स्वतःच्या पैशावर लढत होते, देणगीदार जमवतच नव्हते. पक्षाने तो नियमच काढून टाकला आणि त्यांना मंच मिळाला.

हे वाचून आपले नेते खूश होतील. "बघा, तिथंही तेच!" नाही साहेब, तेच नाही. ब्लूमबर्ग मंचावर आले आणि एलिझाबेथ वॉरन यांनी देशासमोर त्यांची अशी हजेरी घेतली की दोन आठवड्यांत त्यांनी माघार घेतली. सँडर्स यांच्याबाबत पक्षाचे पदाधिकारी पक्षपात करतात हे फुटलेल्या पत्रव्यवहारातून दिसलं, तेव्हा जुलै २०१६ मध्ये पक्षाध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना पद सोडावं लागलं, आणि २०१८ मध्ये पक्षातल्या बड्या प्रतिनिधींचा पहिल्या फेरीतला मताधिकार काढून घेण्यात आला. बाहेरच्यावर अन्याय तिथंही होतो, पण तो चारचौघांत होतो. जे चारचौघांत होतं त्यावर बोट ठेवता येतं, जाब विचारता येतो, नियम बदलून घेता येतो. आपल्याकडे अन्याय बंद खोलीत होतो आणि बाहेर फक्त यादी येते. यादीला काय जाब विचारणार?

जोहरान ममदानी यांचं उदाहरण तर ताजं आहे. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभे राहिले तेव्हा ते राज्य विधिमंडळाचे एक तरुण सदस्य होते, आणि सुरुवातीच्या पाहण्यांत त्यांचं नाव शोधावं लागायचं. समोर माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो. जून २०२५ च्या जाहीर वादात सगळ्या उमेदवारांना विचारलं गेलं की महापौर झाल्यावर पहिला परदेश दौरा कुठे कराल. कित्येकांनी इस्रायल सांगितलं. ममदानी म्हणाले, मी इथंच, न्यूयॉर्कमध्ये राहीन. लगेच त्यांच्यावर इस्रायलविषयी उपप्रश्न सुरू झाले. हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे ना? गावातल्या नळाबद्दल बोलायला उभं राहावं आणि कुणीतरी पाकिस्तानबद्दल विचारावं! पण ती उलटतपासणी मतदार बघत होते. घरभाडं आणि बसचं तिकीट यांवर हा माणूस काय म्हणतो हेही ते ऐकत होते. त्याच महिन्यात ममदानींनी पक्षाची उमेदवारी जिंकली आणि नोव्हेंबरमध्ये महापौरपद. कुओमोंच्या बंगल्यावर बंद दाराआड मुलाखत झाली असती, तर त्यांनाही तेच ऐकावं लागलं असतं. इलेक्टिव्ह मेरिट नाही!

मुळात ‘बाहेरचा’ म्हणजे कोण, हेही एकदा ठरवून टाकू. गुलाम नबी आझाद जम्मूच्या डोडा भागातले. काँग्रेसने त्यांना १९८० आणि १९८४ मध्ये वाशीममधून उभं केलं आणि दोन्ही वेळा वऱ्हाडातल्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवलं. यशवंतराव चव्हाण कराडचे, १९६३ मध्ये ते नाशिकमधून बिनविरोध निवडून गेले. पक्षाची इच्छा असली की गाव आड येत नाही, धर्मही आड येत नाही. आमच्या जवळच्या कोल्हापूर जिल्ह्यात हसन मुश्रीफ १९९९ पासून कागलमधून सलग निवडून येताहेत, आणि मागच्या दोन्ही वेळा समोर कागलच्या राजघराण्यातले समरजितसिंह घाटगे होते. तिथल्या हिंदू शेतकऱ्याने मुश्रीफांचा धर्म नाही बघितला, काम बघितलं. तेव्हा "लोक मुसलमानाला मत देत नाहीत" हे लोकांच्या नावावर खपवू नका. लोकांना तुम्ही विचारलंच कुठे?

२०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रातल्या ४८ जागांत महाविकास आघाडीला एकही मुसलमान उमेदवार सापडला नाही. महायुतीकडून तर अपेक्षाच नव्हती. काँग्रेसचे नसीम खान यांनी जाहीर नाराजी व्यक्त करून प्रचाराला नकार दिला, तेवढीच काय ती हालचाल. राज्यात मुसलमान २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेअकरा टक्के, आणि त्याच वर्षीच्या विधानसभेत २८८ पैकी १० आमदार.

पण हे दुखणं फक्त मुसलमानाचं आहे असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. सांगलीत त्याच लोकसभेला काय झालं? आघाडीत जागा शिवसेनेला (उद्धव ठाकरे) गेली आणि डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील उमेदवार झाले. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे एक लाखाच्या फरकाने जिंकले. चंद्रहार तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. दोघांना एका मंचावर उभं करून आघाडीच्या कार्यकर्त्यांचं मत घेतलं असतं तर? कदाचित विशालच जिंकले असते. पण त्या पैलवानाला आपलं म्हणणं मांडायला एक आखाडा मिळाला असता. वरून आणून ठेवलेला बाहेरचा माणूसही शेवटी बळीच जातो. धनगर, माळी, वडार, मातंग, आणि मराठ्यांतलाही ज्याच्या घरात कारखाना-बँक नाही असा पोरगा, हे सगळे त्याच रांगेत उभे आहेत.

म्हणून आपल्या माणसांनाही दोन शब्द. निवडणूक आली की आपलं शिष्टमंडळ शाल-श्रीफळ घेऊन बंगल्यावर जातं आणि म्हणतं, "समाजाला एक तिकीट द्या." ही मागणी मला पटत नाही. असं मिळालेलं तिकीट समाजाला मिळत नाही, समाजातल्या एका घराला मिळतं. मग तो नगरसेवक पाच वर्षं मोहल्ल्याकडे बघत नाही, बंगल्याकडे बघतो, कारण त्याला मोहल्ल्याने निवडलेलंच नसतं. आपल्यातल्या बायकांना तर या शिष्टमंडळात चहा करण्यापुरतीही जागा नसते. खैरात मागू नका, इम्तिहान मागा.

शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतसुद्धा प्रत्येक मुलाला सारखी मिनिटं असतात. सरपंचाचा मुलगा असो की हमालाचा, घंटा वाजली की थांबायचं. एवढा साधा न्याय आपण दहा वर्षांच्या पोरांना देतो. पक्षांकडून यापेक्षा जास्त मागणं नाही. इच्छुकांच्या मुलाखती मांडवात घ्या, लोकांसमोर. सगळ्यांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ. प्रश्न गावातल्या पाण्याचे, गटाराचे, उर्दू आणि मराठी शाळांच्या खोल्यांचे असू द्या. पक्षाच्या सदस्यांची यादी महिनाभर आधी लावा आणि गुप्त मतदान घ्या. निकाल डावलायचाच असेल तर कारण लेखी द्या, खाली सही करून. कायदा बदलायची वाट बघायची गरज नाही. एका पक्षाने एका गावात ठरवलं तर उद्या होईल.

आमच्या रहिमतपूरसारखं गाव याला उत्तम आहे. इथं कोण काय करतो हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा खोटं बोललेलं दोन मिनिटांत उघडं पडेल. गावाच्या नावातच रहमत आहे, पण ती आम्ही पक्षांकडे मागत नाही. पुढच्या निवडणुकीत कुणी दारात मत मागायला आला, की आधी त्याला विचारा : तुला उमेदवार कुणी केलं, आणि तुझ्यासोबत आणखी कुणाला ऐकून घेतलं? उत्तर देताना तो चाचरला, तर त्याचं मेरिट आपल्याला कळलं.