उभा रस्ता, आडवे कोकण

भाद्रपद जवळ आला की मुंबई-गोवा महामार्गाची आठवण सरकारदरबारी आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत एकदमच होते. मंत्र्यांचे पाहणीदौरे निघतात, खड्डे बुजविण्याच्या मुदती जाहीर होतात, रस्त्याकडेला खडीचे ढीग पडतात, आणि गणपतीला गावी निघालेला चाकरमानी कोणत्या नाक्यावर किती तास अडकला याच्या बातम्या पंधरवडाभर छापून आल्यावर अनंत चतुर्दशीनंतर सारे स्थिरस्थावर होते. चाकरमान्याचे हाल खरेच आहेत, त्यांचा उपहास कोणी करू नये. परंतु या सालाबादच्या उपचारामुळे रस्त्याविषयीची आपली सारी चर्चा पनवेलहून निघून पत्रादेवीला पोहोचू पाहणाऱ्या माणसाच्या सोयीगैरसोयीपुरती उरली आहे, आणि ज्या गावांतून तो रस्ता जातो त्या गावांना वाटेतले अडथळे यापलीकडे काही अस्तित्व राहिलेले नाही. माणगाव म्हणजे कोंडी, परशुराम घाट म्हणजे दरड, हातखंबा म्हणजे अपघात, अशी या प्रदेशाची नवी बाराखडी झाली आहे.

वास्तविक या गावांची वये रस्त्याच्या वयाहून कितीतरी अधिक आहेत. नकाशा समोर घेऊन नागोठणे, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही नावे क्रमाने वाचीत गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते, ती ही की यांपैकी एकही गाव ऐन समुद्रकिनाऱ्यावर नाही आणि एकही सह्याद्रीच्या पायथ्याशी नाही. भरतीचे पाणी खाडीतून जिथपर्यंत वर चढे आणि गलबते, मचवे ज्या बिंदूपर्यंत येऊ शकत, नेमकी तिथे ही गावे वसली. वरंध, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, फोंडा या घाटांनी देशावरचे धान्य आणि गूळ बैलांच्या पाठीवरून उतरत असे, आणि खालून मीठ, सुकी मासळी, नारळ आणि परदेशी माल वर जात असे. या दोन प्रवाहांची गाठ जिथे पडे तिथे पेठ उभी राहिली. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट १००८ सालचा आहे. राजापुरास इंग्रजांनी सतराव्या शतकात वखार घातली ती काही तिथल्या गंगेच्या पुण्याईसाठी नव्हे. संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले ते १६८९ मध्ये, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून कसब्यातले कर्णेश्वराचे देवालय शास्त्री आणि अलकनंदा यांच्या संगमाजवळ उभे होते. इतिहासाची ही उजळणी अभिमानासाठी केलेली नाही. या गावांचा जन्म पूर्व-पश्चिम दळणवळणातून झाला आणि दक्षिणोत्तर रस्ता त्यांच्यावरून फार मागाहून ओढला गेला, एवढेच त्यातून सांगावयाचे आहे. खाडीच्या मुखाशी पात्र रुंद असते आणि घाटाखाली भूमी खडतर असते. पूल बांधण्यास खाडीच्या शिरोभागीची जागा सोयीची, म्हणून अभियंत्यांनी हीच गावे ओवीत ओवीत रस्ता नेला.

हा रस्ता पुढे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ म्हणून ओळखला गेला आणि २०१० च्या फेरक्रमांकनात ६६ झाला, पनवेलपासून थेट कन्याकुमारीपर्यंत त्याची व्याप्ती ठरली. तथापि कोकणाचा स्वभाव त्यामुळे पालटला नाही. इथे जे जे चालते ते आडवे चालते. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस शंभर किलोमीटरही न धावता समुद्र गाठतो, आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जिथे पडतो तिथे हे पाणी केवळ नकाशावर नावे असलेल्या सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, अर्जुना, गड या नद्यांतूनच वाहते असे नाही. उत्तरेस ज्यांना पऱ्ये म्हणतात आणि दक्षिणेस व्हाळ, असे असंख्य ओहोळ दर फर्लांगावर रस्त्याला छेदून जात असतात. जुना रस्ता अरुंद होता, वळणावळणाचा होता, त्यावरून दोन एस.टी. गाड्या समोरासमोर आल्या की एकीला थांबावे लागे, हे सारे कबूल; पण तो जमिनीच्या उंचसखलपणाशी जुळवून घेऊन जात होता आणि त्याच्या दगडी मोऱ्या जागच्या जागी होत्या. नवा चौपदरी रस्ता सरळ आणि सपाट हवा, त्यासाठी डोंगर कापावे लागतात आणि खाचरांतून भराव घालावे लागतात. आणि चार हात उंच भरावाखाली एका पऱ्याचे तोंड बुजले, किंवा तीन मोऱ्यांचे पाणी एका मोरीत वळविले गेले, म्हणजे वरच्या अंगाच्या शेतकऱ्याचा तरवा कुजतो आणि खालच्या अंगाच्या शेताची माती वाहून जाते. चिपळूणने २००५ चा पूर पाहिला आणि २२ जुलै २०२१ चा त्याहून भयंकर पूर पाहिला. त्या पुराची कारणे अनेक होती, गाळाने भरलेली वाशिष्ठी हे त्यांतले एक मोठे, आणि सारे खापर रस्त्यावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या खोऱ्यात पाण्याला आधीच जागा अपुरी आहे तिथे नवा भराव घालणाऱ्याने पाण्याचा विचार सर्वांत आधी करावा, ही अपेक्षा काही अवास्तव नाही.

पाणी उपेक्षा सहन करीत नाही याचा दाखला या रस्त्यावर मिळालेलाच आहे. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, आणि त्या काळोखात मुंबईकडे निघालेल्या दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. त्यानंतर मात्र नवा पूल १६५ दिवसांत बांधून पुढच्या जूनमध्ये खुला झाला. हा आकडा आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. कारण ज्या रस्त्याचे पनवेल ते इंदापूर हे अवघे ८४ किलोमीटर रुंद करण्याचे काम २०११ साली सुरू होऊन एका तपाच्या वर लोंबकळले, त्याच रस्त्यावर, त्याच कोकणी पावसात, एवढ्या अल्पावधीत पूल उभा राहू शकतो ही गोष्ट सिद्ध आहे. भूसंपादन, वनखात्याची परवानगी, ठेकेदारांची आर्थिक दुरवस्था ही जी कारणे वरचेवर दिली जातात ती खोटी नाहीत, पण ती पुरेशीही नाहीत.

भूसंपादनाचे प्रकरण तर कोकणात विशेष गुंतागुंतीचे. गुंठ्याच्या हिशेबातली जमीन, सातबाऱ्यावर एकाच खात्यात वीस-पंचवीस हिस्सेदार, त्यांतले निम्मे परळ-लालबागला किंवा आता विरार-बदलापूरला, काही मयत आणि त्यांच्या वारसांचे फेरफार झालेले नाहीत, कुळाचा हक्क एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, अशा दफ्तरावरून मोबदल्याचा हुकूम निघावयाचा आणि तो प्रत्यक्ष हाती पडावयाचा म्हणजे प्रांताच्या कचेरीच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागत असतील याची कल्पना देशावरच्या एकखाती जमीनदारास यावयाची नाही. जमिनीच्या मालकाला आज ना उद्या काही मिळते तरी. पण भाड्याच्या गाळ्यात तीस वर्षे खानावळ चालविणाऱ्याचे, वडाच्या सावलीत कोकम-आंबापोळी मांडून बसणाऱ्या बाईचे, रस्त्यालगत पंक्चर काढणाऱ्याचे जे गेले त्याचा पंचनामा कोणत्या रकान्यात करावयाचा हे कोणालाच ठाऊक नसते. तो वडही गेला, आणि त्याच्या जागी दुभाजकात लावलेल्या कण्हेरीची सावली कोणाला पुरणार?

रुंद झालेल्या पट्ट्यात कोणत्याही लहान गावाच्या थांब्यावर सकाळी अर्धा तास उभे राहावे. गाव एका अंगाला, शाळा, रेशनचे दुकान आणि निम्मी शेते दुसऱ्या अंगाला. भुयारी मार्ग अर्ध्या-पाऊण किलोमीटरावर, पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. म्हातारी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन दुभाजकाच्या कठड्याशी येते, भारा आधी वर ठेवते, मग लुगड्याचा काष्टा आवरून स्वतः चढते, पलीकडच्या दोन पदरांवरून येणाऱ्या गाड्यांचा अंदाज घेते आणि उतरते. तिच्यामागून दप्तर लावलेली पोरे उड्या मारीत येतात. गुरे हाकणाऱ्याला ही कसरत साधत नाही, म्हणून तो ती उलट्या दिशेने रस्त्याच्या कडेने हाकतो आणि मोटारवाले त्याला शिव्या देत जातात. त्याच गावातल्या चहाच्या हॉटेलाचा ओटा पूर्वी रस्त्याच्या पातळीला होता. आता सेवारस्ता दीड हात वर आला आहे, गिऱ्हाईक पायरी उतरून आत जाते आणि पहिल्या सरीचे पाणीही त्याच पायरीने आत येते. रस्त्याच्या आराखड्यात या प्रत्येक गोष्टीसाठी सोय दाखविलेली असते; बांधण्याच्या क्रमात मात्र मधले चार पदर प्रथम, सेवारस्ता नंतर, गटार त्याच्याही नंतर आणि थांब्याची निवाराशेड अखेरीस, असा क्रम असतो, आणि निधी व उत्साह हे दोन्ही या क्रमानेच आटत जातात.

मोठ्या गावांपुढे प्रश्न वेगळा आहे; रस्ता डोक्यावरून न्यावा की बाजूने? कणकवलीने उड्डाणपूल पत्करला आणि गावाची पेठ त्याच्या खांबांखाली आली; २०२० च्या पावसाळ्यात त्याच्या जोडरस्त्याची भिंत कोसळली तेव्हा खालच्या दुकानदारांना वर काय टांगले आहे याची जाणीव झाली. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला पूल ऑक्टोबर २०२३ मध्ये पडला. उलट झाराप-पत्रादेवी हा पट्टा आधी पूर्ण होऊन सावंतवाडी बाजूला पडली. मोती तलावाच्या काठाने जाणारी गोव्याची वर्दळ आटली, आणि चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांच्या दुकानदारांनी गिऱ्हाईक तुटल्याची तक्रार केली. आमचे मत असे की एवढ्यावरून वळणरस्ता वाईट असा निष्कर्ष काढू नये. ज्या गावाला आपल्या मागे खेड्यांचा मुलूख आहे, तालुक्याची कचेरी, आठवड्याचा बाजार, माध्यमिक शाळा आणि दवाखाना आहे, ते गाव जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या चहावर जगत नसते. महाडची किंवा राजापूरची पेठ हमरस्त्यापासून जरा आत असूनही टिकली ती याच कारणाने. महाडला तर रेल्वेचे स्थानकही नाही, वीरला उतरावे लागते. राजापूर रोड नावाचे स्थानक राजापुरापासून इतके लांब की ‘रोड’ हा शब्द तिथे अक्षरशः खरा आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली तेव्हाही ही गावे बुडणार असे भाकीत झाले होते आणि ती बुडाली नाहीत. माणगावसारख्या गावाला वळणरस्ता ही तर सुटका आहे, आणि ती वर्षानुवर्षे लांबणीवर पडली हाच तिथला अन्याय. बुडतात ते मधले नाके, ज्यांचे सारे आयुष्य वडापाव, मिसळ आणि शहाळी यांवर उभे होते; त्यांच्यासाठी नव्या रस्त्यालगत हक्काचे गाळे राखून ठेवणे हे पेट्रोल पंप आणि झगमगीत फूडमॉल यांना परवाने देण्याच्या आधी व्हावयास हवे होते.

आता याच प्रदेशातून आणखी दोन रेषा ओढल्या जात आहेत. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग जुनाच संकल्प, त्याच्या खाडीपुलांची कामे निघाली आहेत. आणि त्याशिवाय एका नव्या द्रुतगती महामार्गाचे आराखडे चर्चेत आहेत. म्हणजे कोकणाला उभे छेदणारे तीन रस्ते आणि एक लोहमार्ग होणार. आम्ही रस्त्यांच्या विरोधात नाही. रात्री-अपरात्री रुग्णाला मुंबईस हलवावे लागते त्या घरातला माणूस रस्त्याच्या विरोधात असूच शकत नाही. मागणे एवढेच की चालू महामार्गाचे काम पुरे झाल्याचा दाखला ठेकेदारास देताना मधल्या चार पदरांची लांबी मोजून न देता, त्या टप्प्यातला प्रत्येक सेवारस्ता, प्रत्येक भुयारी मार्ग आणि त्याचा निचरा, प्रत्येक एस.टी. थांबा पाहून द्यावा, आणि अनामत रक्कम तोवर रोखून ठेवावी. नव्या रेषांच्या बाबतीत तर आखणीपूर्वीच प्रत्येक गावच्या चावडीवर मोठ्या मापाचा नकाशा लावून त्यावर पऱ्ये, पाणंदी, गुरांच्या वाटा आणि स्मशानाकडे जाणारे मार्ग गावकऱ्यांकडून भरून घ्यावेत. तलाठ्याच्या दफ्तरात यांतले निम्मे सापडणार नाहीत, पण गुराख्याला ते सारे ठाऊक असतात. आणि हे काम पावसाळ्यात करावे. वैशाखात पाहणीला आलेल्या अभियंत्याला पऱ्या दिसतच नाही, त्याला दिसते ते कोरडे खाचर. आषाढात तोच माणूस त्याच जागी छत्री घेऊन उभा राहिला तर मोरी किती रुंद हवी हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.