पहिली डेट झाली... आता बोलायचं काय?

पहिल्या डेटला बोलायला विषय लागतच नाही, यार! कुठे राहतोस, काय करतोस, हिंजवडीचं ट्रॅफिक, खडूस बॉस, मांजर आवडते की कुत्रा... दोन तास आरामात निघतात. दोघंही इस्त्रीचे कपडे आणि इस्त्रीचे किस्से घेऊन आलेले असतात. घोडं अडतं ते दुसऱ्या डेटला. किस्से संपलेले, एकमेकांचा सीव्ही तोंडपाठ झालेला आणि समोरचा माणूस मात्र अजून ना ओळखीचा, ना अनोळखी. लिफ्टमध्ये रोज दिसणाऱ्या शेजाऱ्यासारखा!

माझ्या एका मैत्रिणीला तर सेकंड डेटला चक्क रिपीट टेलिकास्ट बघावं लागलं. मनालीला जाताना बस कशी बंद पडली, ड्रायव्हर काय म्हणाला, मग सगळ्यांनी धक्का कसा मारला... तोच किस्सा, त्याच जागी पॉज. 'कुठे हसायचं ते मला पाठ होतं गं,' ती म्हणाली. तिसरी डेट अर्थातच झाली नाही.

हे आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, 'आमची तर दुसरी भेट थेट साखरपुड्यालाच झाली.'

'मग काय बोललात?'

'तुझ्या बाबांनी विचारलं, प्रवास ठीक झाला ना? मी म्हटलं, हो.'

बस्स! त्या एका 'हो'वर तीसेक वर्षं निघाली. आपल्याला असं डिस्काउंट नाही. आपल्याला बोलावं लागतं.

खरं तर या विषयात मी एक्सपर्ट असायला हवी. मास कॉम केलंय, प्रश्न विचारणं हा पोटापाण्याचा धंदा. 'हो' किंवा 'नाही'त उत्तर संपेल असा प्रश्न विचारायचा नाही, हे पहिल्याच सेमिस्टरला घोटून घेतलेलं. नगरसेवकापासून नटापर्यंत भल्याभल्यांना बोलतं केलंय, तर एका पोराचं काय घेऊन बसलात? असा माझा माज होता. तो गेल्या पावसाळ्यात उतरला. कसा, ते सांगते. (त्याला विचारूनच लिहितेय. नाव तेवढं नको म्हणाला.)

पहिली डेट डेक्कनच्या गुडलकमध्ये झाली. १९३५ पासून चालू असलेल्या त्या जागेत बन मस्का खाताना कुणी फार भाव खाऊ शकत नाही, हा माझा जुना फंडा. दोघांनी धमाल गप्पा मारल्या. म्हणजे निदान मी तरी मारल्या. दोन दिवसांनी मी मेसेज टाकला, 'मंगळवारी भेटूया?' त्याचं उत्तर आलं, 'मंगळवारी नाही जमत. शनिवारी?' ठीक आहे, शनिवार. जागा मी ठरवली. बालेवाडी हाय स्ट्रीटवरची एक ब्रुअरी. लाइव्ह बँड, भारी लाइटिंग.

आणि मी तयारी केली! ते फेमस छत्तीस प्रश्न तुम्ही ऐकले असतीलच. आर्थर अॅरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एका प्रयोगाबद्दल लिहिलं. दोन अनोळखी माणसांना समोरासमोर बसवायचं आणि तीन टप्प्यांत प्रश्न द्यायचे. आधी साधे, मग खासगी, मग आणखी खासगी. पाऊण तासात दोघांना एकमेकांबद्दल जवळीक वाटू लागते का, हे बघायचं होतं. २०१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर एका लेखिकेचा लेख आला आणि 'प्रेमात पाडणारे प्रश्न' म्हणून ते जगभर पसरले. मूळ प्रयोग काही प्रेम जमवण्यासाठी नव्हता, पण तेवढं कोण वाचतंय? मी त्यातले बारा निवडून फोनमध्ये उतरवून ठेवले. असाइनमेंटला जाते तशीच गेले.

पहिले तीन प्रश्न झाले. तो उत्तरं देत होता. नीट, सभ्य, पूर्ण वाक्यांत. मी मान डोलावत होते आणि मनातल्या मनात चौथा प्रश्न जुळवत होते. मग तो हसून म्हणाला, 'हे छापून कधी येणार आहे?'

इथे शहाण्या माणसाला इशारा कळला असता. मी शहाणी नव्हते. मला वाटलं, वातावरण जरा हलकं करूया. म्हणून टेबलावर वाकून, बँडच्या वर आवाज काढत विचारलं, 'ते जाऊ दे. मंगळवारी काय असतं रे तुझं? उपास?'

तो काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही.

'काय?'

'डायलिसिस!' तो ओरडला. आणि नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं. आजूबाजूच्या तीन टेबलांनी वळून बघितलं. मग हळू आवाजात, 'आईचं. मंगळवार-शुक्रवार. सांगितलं होतं मी, गुडलकमध्ये.'

सांगितलं होतं. एकदम आठवलं. 'दोन दिवस घरून काम करतो, आईला डायलिसिसला न्यावं लागतं,' असं म्हणाला होता तो. त्यावर मी 'ओह' म्हटलं होतं आणि लगेच माझ्या वर्क फ्रॉम होमचा किस्सा सुरू केला होता. त्यानं अख्ख्या गप्पांत एकच खरी गोष्ट सांगितली होती आणि माझ्या हातून तेवढीच नेमकी सांडली होती.

पुढची चार-पाच सेकंदं कुणीच बोललं नाही. दहा भाषांतल्या बोलण्याचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, असं त्यात दिसलं. म्हणजे पाच सेकंदांची शांतता किती लांब वाटत असेल, हिशेब करा. सॉरी म्हणून विषय बदलावा, असं फार वाटत होतं. फोनमध्ये नऊ प्रश्न शिल्लकच होते. पण फोन पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, 'सॉरी. विसरले मी. बाहेर जाऊया का? इथे काही ऐकू येत नाही.'

बाहेर पाऊस थांबला होता. टपरीवर कटिंग घेतला आणि चालायला लागलो. (टीप: अवघड बोलायचं असेल तर शेजारी शेजारी चाला. समोरासमोर बसलं की प्रत्येक वाक्याला चेहरा द्यावा लागतो.) मी विचारलं, 'किती वेळ लागतो रे त्याला?'

'चार तास.'

'चार तास तू तिथे काय करतोस?'

हा प्रश्न कुठल्याच यादीत नव्हता. आणि तो सुटलाच! आईच्या एका हातात सुया असतात, तो हात हलवायचा नाही. म्हणून शब्दकोड्याचा पेपर हा धरतो, आई शब्द सांगते आणि अक्षरं हा भरतो. अडलं तर शेजारच्या बेडवरचे काका मदत करतात, पण आईला ते चीटिंग वाटतं. पाणी मोजून प्यायचं, त्यामुळे घरात एक ठरावीक बाटली आहे आणि तिला कुणी हात लावायचा नाही. आणि शहाळी! आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जाताना लोक काय नेतात? शहाळं. त्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून डॉक्टरांनी आईला तेच बंद केलंय. पण येणाऱ्या माणसाला 'नको' कसं म्हणणार? 'वर्षभरात मी एकट्यानं जेवढं शहाळ्याचं पाणी प्यायलोय ना, तेवढं कोकणातल्या माणसानंही प्यायलं नसेल,' तो म्हणाला. आम्ही दोघं रस्त्यात उभं राहून हसलो. आणि मग तो म्हणाला की पुण्याबाहेरची एक चांगली ऑफर त्यानं सोडली, आणि त्याचं त्याला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याचं आणखी वाईट वाटतं.

यावर मी काही शहाणपण शिकवलं नाही, हे माझं त्या दिवसातलं एकमेव चांगलं काम. नाहीतर आपल्याकडे कुणी काही सांगितलं की 'तू ना, असं कर...' हे तोंडातून निघालंच! 'मग काय केलंस?' एवढंच विचारलं.

नंतर घरी येऊन शोधलं (पत्रकार आहे, सवय जात नाही) तेव्हा हार्वर्डमधल्या संशोधकांचा २०१७ चा एक पेपर सापडला. स्पीड डेटिंगच्या गप्पा तपासून त्यांनी बघितलं, तर समोरच्यानं नुकतंच जे सांगितलं त्याच धाग्यावर पुढचा प्रश्न विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळत होता. विषय बदलणारे नवे प्रश्न वेगळे, हे वेगळे. पुढचा प्रश्न विचारायचा तर आधीचं उत्तर ऐकलेलं असावं लागतं, त्याला काही शॉर्टकट नाही. आणि छत्तीस प्रश्नांचं म्हणाल, तर त्या प्रयोगात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं असतं. मी ते सोयीस्कर गाळलं होतं.

ते उत्तर शेवटी त्यानंच काढून घेतलं. एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो तेव्हा तो म्हणाला, 'आणि तू?'

दोनच शब्द. किती जण दुसऱ्या डेटला ते विचारायचेच विसरतात! मी ठेवणीतलं उत्तर द्यायला तोंड उघडलं... फ्रीलान्सिंग म्हणजे कसं फ्रीडम, बॉस नाही, वगैरे. पण त्यानं एवढं सांगितल्यावर ते माझ्याच कानाला स्वस्त वाटलं. म्हणून खरं सांगितलं. एका ठिकाणचे पैसे पाच महिने थकलेत. घरी मात्र तीन महिन्यांपासून 'नोकरी जवळपास पक्की आहे' अशी थाप मारतेय. पक्की वगैरे काही नाहीये. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आता तुम्हालाही सांगितलं. (आई हा अंक वाचते. आई, सॉरी. रात्री फोन करते.)

एक गोष्ट मात्र जाता जाता. धागा पकडायचा तो त्यानं तुम्हाला सांगितलेल्या गोष्टीचा. तुम्ही रात्री एक वाजता त्याच्या प्रोफाइलवर २०१९ पर्यंत खाली जाऊन शोधलेल्या गोष्टीचा नव्हे! 'लेहच्या फोटोत तुझ्या शेजारी ती निळ्या जॅकेटमधली कोण?' हा फॉलोअप नाही, चौकशी आहे. दुसऱ्या डेटला पॅकेज विचारू नका. एक्सचं नाव निघालं तर निघू द्या, पण तिथे तंबू ठोकू नका. आणि तासाभरात गप्पा संपल्याच, तर स्टार्टर मागवून त्या ताणू नका. निघा सरळ.

त्या शनिवारी आम्ही रात्री साडेअकराला निघालो. पुढच्या डेटचं काहीच ठरलं नाही. बाराला 'पोचलीस?' आलं, मी 'हो' म्हटलं आणि मला आईबाबा आठवून एकटीलाच हसू आलं. मग रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी दुपारी मी एका प्रेस कॉन्फरन्समध्ये जांभया देत बसलेली असताना फोन वाजला.

'आडवा शब्द. तीन अक्षरी. खूप बोलणारा. आई अडलीय.'

'वाचाळ,' मी टाइप केलं.

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'बसलं! आई विचारतेय, हे कुणी सांगितलं. काय सांगू?'