रिकामा माळ? कोण म्हणतं?

कॉलेज रोडवरच्या कुठल्याही नव्या फ्लॅटची बाल्कनी बघा. कुंडीत टोकदार पानांचा एक युक्का ऐटीत उभा असतो. पाणी कमी, भाव जास्त. एकदम ऑफिसवाल्यांचं झाड! त्याचा एक भाऊबंद, जोशुआ ट्री, अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात राहतो आणि सध्या अडचणीत आहे. ऑगस्ट 2020 मध्ये एकाच वणव्यात अंदाजे 13 लाख जोशुआ ट्री होरपळले. वाळवंटात जळायला असतंच काय, असं वाटतं ना?

आपल्या अंजनेरीबद्दलही लोकांना असंच वाटतं.

त्र्यंबक रोडने वीसेक किलोमीटर. एप्रिलमध्ये वर गेलात तर करपलेलं गवत आणि तापलेला कातळ, बस्स. पण त्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरात एक छोटा कंद झोपलेला असतो. पावसाळ्यात तो कोंब काढतो, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतो आणि पाऊस सरला की पुन्हा गायब. नाव सेरोपेजिया अंजनेरिका. 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी नवी प्रजाती म्हणून तिची नोंद केली आणि नावही डोंगराचंच दिलं. द्राक्षं आणि वाईन सोडली, तर नाशिककडे मिरवण्यासारखं असं किती आहे, सांगा!

या कुळाला मराठीत कंदीलपुष्प किंवा खरपुडी म्हणतात. फूल कंदिलासारखं, पण काम लॉजचं. वासाने खेचली गेलेली बारीकशी माशी नळीतून आत घसरते. चेक-इन सोपं, चेक-आउट नाही, कारण नळीतले केस खाली वळलेले. काही वेळाने केस सुकतात आणि माशी सुटते, अंगावर परागांचं गाठोडं घेऊन. मग लगेच पुढच्या कंदिलात. (शहाणपण माशांनाही उशिराच येतं.)

खरपुडीचे कंद चवीला बरे. ते माणसंही उकरतात आणि रानडुकरंही. वर चराई, वणवे आणि वीकेन्डची गर्दी. 2017 मध्ये अंजनेरीचा सुमारे साडेपाच चौरस किलोमीटर भाग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. इथल्या कड्यांवर गिधाडंही घरटी करतात. तरी 2020-21 मध्ये मुळेगावकडून डोंगरावर रस्ता काढायचा प्रस्ताव गाजला, निसर्गप्रेमींनी त्याला कडाडून विरोध केला. मग चर्चा ब्रह्मगिरी-अंजनेरी रोपवेची.

हनुमानाचं जन्मस्थान म्हणून श्रद्धेने येणाऱ्या आजी-आजोबांचे गुडघे दुखतात, हे अगदी खरं. त्यांना हसू नये. पण सोयीचा हिशेब मांडणारा कुणी मे महिन्यात जागा बघायला आला, तर त्याच्या कागदावर ‘पडीक माळ’ एवढंच उमटणार. ज्या झाडाचं वर्षातलं निम्म्याहून अधिक आयुष्य जमिनीखाली जातं, त्याची पाहणी पावसाळ्यात आणि गुडघ्यांवर बसूनच करायला हवी, हे नियमात कोण लिहिणार?

कुंडीतला युक्का मेला तर नर्सरीत दुसरा मिळतो. अंजनेरिका मात्र उत्तर सह्याद्रीतल्या मोजक्या माथ्यांवरच उगवते. पाहायची असेल तर ऑगस्टच्या शेवटी एखादा वीकडे काढा, सुटीच्या दिवशी पायऱ्यांवर लोकलसारखी रांग असते. आणि फोटोसाठी पायवाट सोडलीत, तर आधी बुटाखाली बघा.